टायर वीस हजार किलोमीटरमध्ये संपतो? नवा घेण्याआधी जुना उलटून बघा

जळगावात हायवेला लागूनच आमचं टायरचं दुकान आहे. वडिलांच्या काळात इथे केळीच्या ट्रकांचे टायर रिमोल्ड व्हायचे. आता अलाइनमेंटचं मशीन आहे आणि दारात उभ्या असतात त्या दीडशे घोड्यांच्या व्हर्टस, स्लाव्हिया, टर्बो वर्ना, एखादी ऑक्टाव्हिया आरएस, कधीमधी बीएमडब्ल्यू. मालक दुकानात शिरताना बहुतेक एकच बोलतात : "भाऊ, मागच्या कंपनीचे टायर टिकले नाहीत, आता दुसऱ्या कंपनीचे दाखव."

टायर विकूनच माझं घर चालतं, तरी सांगतो : कंपनी बदलून हे दुखणं सहसा जात नाही. जुना टायर ज्या दोषाने खाल्ला तो दोष गाडीतच बसून असतो आणि नव्या टायरची वाट बघतो. म्हणून कोणता टायर घ्यायचा हे मी सगळ्यात शेवटी सांगतो. आधी जुना टायर वाचायचा.

लक्षणं

बाहेरून बघितलं तर नक्षी छान चार मिलिमीटर दिसते, पण आतली कड गोटा झालेली असते, कधी तारही दिसायला लागलेली असते. तेज सेडानमध्ये हे सगळ्यात जास्त आढळतं आणि सगळ्यात उशिरा कळतं, कारण आतली कड उभ्या माणसाला दिसतच नाही.

दोन्ही कडा झिजलेल्या आणि मधला पट्टा शाबूत. किंवा उलट, मधला पट्टा गुळगुळीत आणि कडा नव्यासारख्या.

हात फिरवला तर एका दिशेने गुळगुळीत, उलट फिरवला की करवतीसारखा लागतो.

टायरवर हातभर अंतरावर खोलगट खड्डे पडलेत आणि साठच्या पुढे बेअरिंग गेल्यासारखा घूंऽऽ आवाज येतो.

८० ते ११० च्या मध्ये स्टिअरिंग थरथरतं, पुढे गेलं की शांत होतं. "दादा, गाडी भलती थरथर करस," असं सांगत येणारे निम्मे लोक ह्या खात्यातले.

साइडवॉलवर फुगा. ह्यात निदान करण्यासारखं काही उरत नाही. खड्ड्यात रिम आणि रस्ता यांच्यामध्ये टायर चिमटला, आतले धागे तुटले, आता तिथे फक्त रबर हवा धरून आहे. तो टायर काढायचा. त्याला पॅच नाही, "हळू चालवतो" नाही, स्टेपनी म्हणूनही ठेवायचा नाही.

आणि शेवटचं लक्षण नवे टायर टाकल्यानंतरचं : गाडी पूर्वीपेक्षा जास्त आदळते, वळणात डुलते, नाहीतर चाक पूर्ण वळवलं की आत कुठेतरी घासतं. इथे साइज किंवा जात चुकलेली असते.

पहिली तपासणी : हवा, आणि ती सकाळीच

खर्च शून्य. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर असतं, त्यावर पुढची-मागची हवा आणि भरलेल्या गाडीची हवा वेगवेगळी लिहिलेली असते. टायरच्या साइडवॉलवर जो आकडा असतो तो त्या टायरला सोसणारा कमाल दाब आहे, तुमच्या गाडीची हवा नव्हे. तो आकडा बघून ५१ पीएसआय हवा मारून आलेली गाडी मी स्वतः बघितली आहे. मधला पट्टा सोलून निघाला होता.

आपल्या खान्देशात हवेकडे जास्तच लक्ष द्यावं लागतं. धुळ्यात थंडीत पारा आठ-नऊच्या खाली उतरतो, भुसावळात मे महिन्यात ४५ च्या वर जातो. साधारण साडेपाच अंशांमागे एक पीएसआय असा हिशोब धरा. म्हणजे मे महिन्याच्या पहाटे बरोबर भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे तीन-चार पीएसआयने कमी भरते, टायरला कुठेही भोक नसताना. कमी हवेचा टायर कडांवर चालतो, साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला वाकते, वाकून तापते. उन्हाळ्यात रस्ता आधीच साठीच्या पुढे तापलेला असतो. भर दुपारी हायवेला टायर फुटतो तेव्हा लोक म्हणतात गरमीने जास्त हवा झाली. बऱ्याचदा हवा कमी असल्यामुळेच तो इतका तापलेला असतो.

तीच चूक दुसऱ्या बाजूने : सुरतेहून येताना पंपावर थांबायचं, तापलेल्या टायरमध्ये ३९ दिसलं म्हणून ३३ करून घ्यायचं. रात्री टायर थंड झाला की तो २७-२८ वर बसतो. तापलेल्या टायरची हवा काढायची नाही. मोजायची ती सकाळी, गाडी हलवायच्या आधी, स्वतःच्या मीटरने. पंपावरचा मीटर किती वेळा जमिनीवर आपटला असेल देव जाणे.

नायट्रोजनचं विचारतात. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. भरायचा तर भरा, पण त्याच्या भरवशावर महिनोन्‌महिने हवा न बघणं हे साध्या हवेपेक्षा वाईट.

चार चाकांपैकी एकाचीच हवा आठवड्यात दोन-तीन पीएसआय उतरत असेल तर बाभळीचा काटा शोधा. तो खिळ्यासारखा चमकत नाही, नक्षीच्या खाचेत मोडून बसतो आणि सावकाश हवा सोडतो. साबणाचं पाणी शिंपडलं की बुडबुडा दाखवतो. वॉल्व्हलाही साबण लावून बघा.

दुसरी तपासणी : हात आणि टॉर्च

स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, गाडी बंद करा, हँडब्रेक ओढा आणि पुढच्या चाकाच्या आतल्या कडेवर मोबाइलचा टॉर्च मारा. मग हात फिरवा. ज्या गाडीत तार निघाली असण्याचा संशय आहे तिथे फडकं घेऊन, कारण ती तार बोटात सुईसारखी शिरते.

नक्षीच्या खाचांच्या तळाशी आडवे छोटे उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरचे. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. मी पावसाळ्याच्या तोंडावर ३ मिलिमीटरलाच बदला म्हणतो. नवा टायर आठेक मिलिमीटरचा असतो, आणि पाणी बाजूला फेकायचं काम ती खोलीच करते. महामार्गावर साचलेल्या पाण्यात ९० ने शिरलेली गाडी गोट्या टायरवर होडीसारखी तरंगते.

आता झीज वाचा. दोन्ही कडा गेल्या : हवा कमी. मधला पट्टा गेला : हवा जास्त. करवतीसारखे दात : टो चुकलेला (टो, कॅम्बर म्हणजे काय ते पुढे अलाइनमेंटमध्ये सांगतो). फक्त आतली कड : टो, कॅम्बर किंवा लोअर आर्मचं बुश, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या सांध्यातलं रबर. खोलगट खड्डे : शॉकअप थकलेला, नाहीतर बॅलन्सिंगशिवाय, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं न करता, बरेच दिवस चाललेली गाडी. फक्त पुढच्या टायरांच्या बाहेरच्या कडा गोल झाल्या असतील तर आधी चालवणाऱ्याकडे बघा. तोरणमाळचा घाट किंवा चाळीसगावच्या पुढचा औट्रम घाट दर आठवड्याला हौसेने चढणाऱ्यांच्या गाड्या मी टायरवरूनच ओळखतो.

पुढचे टायर मागच्यांपेक्षा लवकर झिजणं हा मात्र दोष नाही. ह्यातल्या बहुतेक गाड्यांत ओढायचं, वळायचं आणि ब्रेकचं जास्तीत जास्त वजन घ्यायचं काम पुढचीच चाकं करतात. आठ-दहा हजारांवर पुढचे मागे, मागचे पुढे केले की चारही बरोबर झिजतात. साइडवॉलवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर एकाच बाजूला पुढे-मागे करायचे.

तिसरी तपासणी : अक्षरं वाचा

चारही टायरांवरची अक्षरं कागदावर उतरवा आणि दारावरच्या स्टिकरशी ताडून बघा. जुनी गाडी घेतलेल्यांनी तर हे गाडी घेतली त्याच दिवशी करायला हवं. एका आरएसच्या पुढच्या दोन चाकांवर दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे टायर निघाले होते, आणि मालक सहा महिने "गाडी डावीकडे ओढते" म्हणून अलाइनमेंट करत हिंडत होता. एका अॅक्सलवर एकच कंपनी, एकच नक्षी, जवळपास सारखी झीज.

२२५/४५ आर १७, ९४, डब्ल्यू हे उदाहरण घ्या. २२५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी. ४५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ४५ टक्के, साधारण १०१ मिलिमीटर. १७ इंचाची रिम. ९४ हा भाराचा निर्देशांक, म्हणजे एका टायरला ६७० किलो. ह्याच साइजमध्ये ९१ चाही मिळतो, तो ६१५ किलोचा. शेवटचं अक्षर वेगाचं : एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००.

"भाऊ, आपण कुठे २४० ने पळवतो, एचचा दे," हे रोज ऐकतो. ते अक्षर म्हणजे पळवायची परवानगी नव्हे, उष्णता सोसायची परीक्षा आहे. वरच्या अक्षराचा टायर वेगात तापूनही आकार सोडत नाही, आणि भुसावळच्या मे महिन्यात पाच माणसं आणि डिकीत सामान घेऊन ११० ने जाणाऱ्या गाडीला तीच ताकद लागते. गाडीच्या कंपनीने जे अक्षर आणि जो भार दिलाय त्याच्या खाली उतरू नका, वर चढलात तरी चालेल.

तारीख : साइडवॉलवर डीओटी (DOT) अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २२२४ म्हणजे २०२४ सालचा बाविसावा आठवडा. ही ओळ कधी टायरच्या आतल्या अंगाला येते, तेव्हा टायर चढवायच्या आधीच बघून घ्या.

चौथी तपासणी : चाक धुवा

हसू नका. शिरपूरकडचे एक पाहुणे नवेकोरे चार टायर टाकून आले, तरी ९० ला थरथर. दुसरीकडे दोनदा बॅलन्सिंग झालेलं. दोन्ही वेळा दोन-तीन दिवस बरं वाटलं आणि पुन्हा तेच. मी चाक काढून उलटं केलं. रिमच्या आतल्या अंगाला, स्पोकच्या मागे, तळहाताएवढी काळ्या मातीची वाळलेली खपली. बाजूला तसाच दुसरा ठसा, पण रिकामा : तिथली खपली नुकतीच गळून पडलेली. म्हणजे मातीसकट बॅलन्स केलेलं चाक, आणि माती पडली की हिशोब पुन्हा बिघडला. स्क्रू ड्रायव्हरने खरवडली तर पावशेर माती निघाली. आठ दिवसांपूर्वी गाडी पावसात शेतात जाऊन आली होती.

आपली काळी माती ओली असताना डिंकासारखी चिकटते आणि वाळली की विटेसारखी होते. पाण्याची नळी स्पोकमधून आत मारा, लांब दांड्याचा ब्रश फिरवा, चारही चाकांना. पैसे लागत नाहीत, आणि पावसाळ्यात माझ्याकडे येणाऱ्या थरथरीच्या बऱ्याच गाड्या एवढ्यावरच दुरुस्त होतात.

घरी चाक काढणार असाल तर एक सांगून ठेवतो : ह्याच मातीवर जॅक लावू नका. वरून कडक दिसते, भार आला की जॅक तिरपा घुसतो. फरशी किंवा सिमेंट काँक्रीट बघा, नसेल तर जॅकखाली जाड फळी घाला. जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं-हात घालायचे नाहीत.

पाचवी तपासणी : बॅलन्सिंग आणि रिम

इथपासून दुकान लागतं, पण खर्च शेकड्यातच असतो. चाक मशीनवर फिरत असताना तुम्ही स्वतः उभे राहून रिमच्या कडेकडे बघा. कड वर-खाली किंवा डावी-उजवी नाचत असेल तर रिम वाकलेली आहे. तिला पन्नास-साठ ग्रॅम शिसं लावून मशीनवर शून्य आणता येतं, रस्त्यावर नाही. अलॉयला चीर असेल तर वेल्डिंग करून हायवेला वापरू नका, असं मी पैसे सोडून सांगतो.

बाहेरचे अलॉय टाकले असतील तर मधलं भोक तपासा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाचा, व्यास ५७.१ मिलिमीटर आहे. बाजारी अलॉयचं भोक बऱ्याचदा त्याहून मोठं ठेवतात, म्हणजे अनेक गाड्यांना बसावं. मधली फट भरायला हब रिंग लागते, काही रुपयांची वस्तू. ती नसेल तर चाक फक्त बोल्टांवर लटकतं, केसभर बाजूला बसतं आणि कितीही बॅलन्सिंग करा, थरथर जात नाही. व्हर्टस-स्लाव्हियाच्या पाच बोल्टांचं वर्तुळ १०० मिलिमीटरचं, ऑक्टाव्हियाचं ११२ चं. दोन्ही एकाच घरच्या गाड्या म्हणून एकीची चाकं दुसरीला बसतील असं धरून जुने अलॉय घेऊ नका.

सहावी तपासणी : अलाइनमेंट, छापील कागदासह

टो म्हणजे चाकाची बोटं आत की बाहेर, कॅम्बर म्हणजे चाक वरून आत झुकलंय की बाहेर. टो सगळ्यात जास्त टायर खातो. हिशोब करून बघा : २२५/४५ आर १७ च्या चाकाचा व्यास ६३४ मिलिमीटर. त्या व्यासावर एका चाकाचा टो ३ मिलिमीटरने चुकलेला असेल, तर तो टायर दर किलोमीटरला पावणेपाच मीटर आडवा फरफटतो. जळगाव ते धुळे नव्वदेक किलोमीटर. तिथे पोचेपर्यंत सव्वाचारशे मीटर रबर आडवं घासलेलं असतं, आणि स्टिअरिंगला कदाचित काहीच जाणवत नाही, कारण दोन्ही चाकं सारखीच चुकलेली असतील तर गाडी सरळच जाते. "गाडी ओढत नाही, म्हणजे अलाइनमेंट बरोबर," हा समज म्हणूनच टायर खातो.

कामाच्या आधीचे आणि नंतरचे आकडे छापून मागा. पुढचं आणि मागचं दोन्ही. व्हर्टस-स्लाव्हियाच्या मागच्या बीमला, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याला, फिरवायला काही नसतं, तरी आकडे बघायचे, कारण खड्ड्यात बीम वाकला असेल तर तो तिथेच कळतो. ऑक्टाव्हिया आरएसला मागे मल्टिलिंक आहे, म्हणजे प्रत्येक चाक वेगळ्या दांड्यांवर, तिथे मागचाही टो-कॅम्बर लावता येतो. फक्त पुढचं करून पाठवणाऱ्याकडे अशी गाडी नेऊ नका.

स्प्रिंग कापून किंवा बदलून गाडी बसवलेली पोरं माझ्यावर चिडतात. गाडी खाली आली की चाकं वरून आत झुकतात, टोही सरकतो, आणि आतली कड जाते. बसवायचीच असेल तर त्यानंतर लगेच अलाइनमेंट, आणि तरीही आतली कड थोडी आधी जाईल हे धरून चाला.

सातवी तपासणी, आणि इथे तुम्ही थांबा

एक माझी चूक सांगतो. चाळीसगावच्या एका ग्राहकाच्या ऑक्टाव्हियाला मी पुढे दोन टायर विकले, अलाइनमेंट केली, कागदावर सगळे आकडे हिरवे. अकरा हजारांवर ते परत आले. आतली कड गोटा. मी पुन्हा टो तपासला, पुन्हा हिरवा. तेव्हा कुठे गाडी लिफ्टवर घेऊन लोअर आर्मच्या मागच्या बुशला पहारीने टेका दिला. रबर अर्ध्यापेक्षा जास्त फाटलेलं होतं. उभ्या गाडीत आर्म जागेवर बसून राहतो म्हणून मशीन बरोबर दाखवतं. रस्त्यावर ब्रेक दाबला की आर्म मागे सरकतो आणि टो बदलतो, सोडला की परत जागेवर. दुसऱ्या जोडीचे पैसे मी अर्धेच घेतले. तेव्हापासून आमच्याकडे आधी पहार, मग अलाइनमेंट.

बुश, बॉल जॉइंट, टाय रॉडचं टोक, व्हील बेअरिंग, शॉकअप : ह्या गोष्टी घरी ऐकता येतात, दुरुस्त करू नयेत. खड्ड्यात खट्ट वाजतं का, ब्रेक मारताना गाडी एका अंगाला उडी मारते का, आवाज वळणात वाढतो का, हे लिहून चांगल्या मिस्त्रीला सांगा. पुढच्या शॉकअपची स्प्रिंग दाबलेली असते. ती घरच्या पान्यांनी सोडायला गेलेल्या माणसाचं थोबाड फुटू शकतं, आणि हे मी सौम्य सांगतोय.

ह्या अवस्थांमध्ये गाडी चालवत आणूच नका, उचलून आणा : तार दिसते आहे, साइडवॉलला फुगा किंवा खोल चीर आहे, चाक हाताने वर-खाली हलवलं की खेळ जाणवतो, बोल्ट ढिला सापडला. आणि ब्रेक दाबल्यावरच स्टिअरिंग थरथरत असेल तर टायरवर पैसे घालू नका, ते डिस्कचं काम आहे. नव्या गाड्यांत पुढे कॅमेरा-रडार असेल तर अलाइनमेंटनंतर त्यांचं आणि स्टिअरिंगच्या सेन्सरचं कॅलिब्रेशन लागू शकतं, ते कंपनीच्या वर्कशॉपचंच काम.

आता टायर निवडू

साइज आधी. गाडीच्या पुस्तकात जी साइज दिलेली आहे ती सगळ्यात सुरक्षित. खड्ड्यांना वैतागलेले लोक २२५/४५ च्या जागी २२५/५० मागतात. रिम तीच, साइडवॉल ११ मिलिमीटरने उंच. पण चाकाचा व्यास साडेतीन टक्क्यांनी वाढतो, मीटरवर १०० दिसताना गाडी १०३ च्या पुढे असते, आणि चाक पूर्ण वळवलं की आतल्या प्लास्टिकला घासायची भीती. ही बदली मी करत नाही.

खड्ड्यांवर खरा उपाय उलटा आहे : रिम एक इंच लहान, साइडवॉल उंच, बाहेरचा व्यास तोच. २२५/४० आर १८ चा व्यास ६३७ मिलिमीटर, २२५/४५ आर १७ चा ६३४. फरक नगण्य, पण साइडवॉल ९० ची १०१ होते आणि रिम वाचते. अट एकच, सतराची रिम पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरवरून (डिस्कला पकडणाऱ्या भागावरून) न अडता फिरली पाहिजे. आरएससारख्या मोठ्या डिस्कच्या गाडीत रिकामी रिम आधी हबवर चढवून हाताने फिरवून दाखवा म्हणावं, मगच टायर चढवायचा. वळणातली धार थोडी कमी होते, ते कबूल. अठराच्या टायरची निवड तशीही आखूड झाली आहे. जून २०२० मध्ये केंद्राने नव्या टायरांच्या आयातीवर निर्बंध घातले, तेव्हापासून काही साइजची वाट बघावी लागते किंवा जुन्या तारखेचा माल समोर येतो.

तारखेवर माझं मत : बनवून सहा-आठ महिने झालेला टायर बिनधास्त घ्या. वर्षाच्या पुढचा असेल तर भाव करा. दोन वर्षांचा असेल तर विचारा, तो कुठे ठेवला होता. पत्र्याच्या गोदामात आपल्याकडचे दोन उन्हाळे काढलेलं रबर आणि सावलीतलं रबर सारखं नसतं. आयएसआयचा शिक्काही बघून घ्या.

जात. गाडी तेज आहे म्हणून सगळ्यात चिकट, मऊ रबराचा स्पोर्ट टायर घ्यायचा, असं पोरांना वाटतं. तो घाटात सुरेख पकडतो, पण आपल्या उन्हाळ्यात आणि काँक्रीटच्या महामार्गावर झपाट्याने झिजतो. साइडवॉलवर ट्रेडवेअरचा, म्हणजे नक्षी किती टिकेल त्याचा, आकडा असला तर तो बघा. २०० चा मऊ, ४०० चा जास्त टिकणारा. मात्र हा आकडा एकाच कंपनीच्या दोन टायरांत ताडायचा, दोन कंपन्यांत नाही. शेजारी टेम्परेचर, म्हणजे उष्णता सोसायची श्रेणी, लिहिलेली असते, तिथे 'ए' हवा. इथे मी तडजोड करत नाही. रोज जळगाव-भुसावळ आणि महिन्यातून एकदा पुणे, अशा माणसाला मी चारशेच्या आसपासचा, ओल्यात चांगला पकडणारा टूरिंग टायर देतो. ज्याला घाटाचीच हौस आहे त्याला स्पोर्ट देतो आणि झीज आधी सांगतो.

एक्सएल लिहिलेला टायर जास्त भाराचा असतो, साइडवॉल जरा कडक. खड्ड्यांना थोडा बरा, बसणाऱ्याला थोडा कठीण. गाडीने मागितला असेल तर साधा टाकू नका.

बीएमडब्ल्यूवाल्यांसाठी : पुढची-मागची साइज वेगळी असेल तर पुढे-मागे अदलाबदल विसरा. रनफ्लॅट टायर हवा गेल्यावरही ताशी ८० च्या आत साधारण ८० किलोमीटर नेतो, म्हणून गाडीत स्टेपनीच नसते. तो काढून साधा टायर टाकला की गाडी मऊ चालते हे खरं. पण रात्री अकरा वाजता साक्रीच्या पुढे पंक्चर झालं की स्टेपनी नाही, दुकानही उघडं नाही. साधा टाकायचा तर स्टेपनी किंवा पंक्चरचं किट आणि पंप डिकीत हवाच.

दोनच टायर घ्यायचे असतील तर नवे मागे. ह्यावर दुकानात रोज वाद होतो, कारण झिजतात पुढचे. पुढचं चाक ओल्यात घसरलं तर गाडी सरळ जाते, माणूस घाबरून अॅक्सिलरेटर सोडतो आणि बहुतेक वेळा ती सावरते. मागचं घसरलं तर गाडी गर्रकन फिरते, आणि ते सावरणं आपल्यासारख्यांच्या हातात नसतं. म्हणून मागचे बरे टायर पुढे घ्यायचे, नवे मागे.

बसवताना समोर उभे राहा. वॉल्व्ह नवा टाका, हवेचा सेन्सर असेल तर टायर बसवणाऱ्या मुलाला आधी सांगा, नाहीतर टायर उतरवताना तो तुटतो. बोल्ट गनने ठोकून सोडू देऊ नका. शेवटचा फेर टॉर्क पान्याने, पुस्तकात दिलेल्या आकड्यावर. 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेर आहे ना, बाण पुढच्या दिशेला आहे ना, तेवढं निघण्याआधी बघा.

नव्या टायरच्या अंगावर साच्यातलं तेलकट आवरण असतं, पहिले दोन-तीनशे किलोमीटर तो घसरा असतो. तेव्हा टायर टाकले त्याच संध्याकाळी औट्रम घाट नको. शंभरेक किलोमीटर झाले की बोल्ट पुन्हा बघायला आणा. पाच मिनिटांचं काम आहे, त्याचे आम्ही पैसे घेत नाही.